बिरप्पा मास्तरांनी दात धुवायला टाकले

शेजाऱ्याबद्दल वाईट बोलू नये, असं मला घरात रोज ऐकवतात. म्हणून बिरप्पा मास्तरांबद्दल मी चांगलंच सांगणार आहे. फक्त सगळं सांगणार आहे, एवढंच.

शुक्रवार पेठेत आमच्या दारासमोर त्यांचं दार. मधली गल्ली एवढी अरुंद, की त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका आम्हाला लागतो. मास्तर म्हणजे शाळेचे मास्तर नव्हेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे, तिथले ते ब्लीचिंग मास्तर. मागावरून उतरलेला टॉवेल तुम्ही पाहिलात तर पाय पुसायलासुद्धा घेणार नाही. मळकट, पिवळट, वर तेलाचे डाग. तो वाफेवरच्या मोठ्या भांड्यात पेरॉक्साइड घालून शिजवायचा, धुवायचा आणि पांढराशुभ्र करून बाहेर काढायचा, हे मास्तरांचं काम.

मूळचे ते मंगळवेढ्याच्या खालच्या अंगाचे, धनगराच्या घरचे. वडिलांची मेंढरं होती. अर्धं गाव कानडी बोलायचं, अर्धं मराठी, आणि मेंढरांना दोन्ही कळायचं, असं ते सांगतात. चोविसाव्या वर्षी सोलापुरात आले, कारखान्यात गाठोडी उचलायला लागले आणि उचलता उचलता पांढरं करायला शिकले. त्याला आता बत्तीस वर्षं झाली.

पण ही विद्या कारखान्यात ठेवून घरी येईल तो माणूस कसला. गल्लीत कुणाचंही पांढरं कापड वाळत दिसलं की मास्तर थांबणार, दोन बोटांत धरून चोळणार आणि निकाल देणार. माझ्या चादरीला तर त्यांनी भर गल्लीत नापास केलं होतं. "वैनी, सोडा जास्त झाला. सूत रडतंय." मागे गल्लीतले एक म्हातारबाबा गेले. सगळे माना खाली घालून उभे, आणि मास्तर अंगावर घातलेल्या कापडाचा कोपरा चाचपत हळूच म्हणतात, "कच्चा माल हाय. तीन धुण्यांत जाईल." त्यांची बायको मायाक्का शेजारीच होती. ती तोंडावरचा पदर न काढता म्हणाली, "त्यास्नी कशाला लागत्यात तीन धुणी?" मला बाजूला जाऊन खोकल्याचं सोंग करावं लागलं.

तर असा हा पांढऱ्याचा जाणकार, आणि त्याच्या तोंडातला माल मात्र बिनधुतलेला. लहानपणी गावच्या बोअरचं पाणी पिऊन दातांवर तपकिरी पट्टे आलेले. त्यावर तीस वर्षं तंबाखू-चुना. ती चार वर्षांपूर्वी सोडली, पण रंग ठेवून गेली. त्यावर दिवसाला सहा कप चहा. आणि वरचा एक पुढचा दात टोपीचा, कारखान्यात भांड्याची साखळी लागून मूळचा तुटला होता म्हणून बारा वर्षांपूर्वी बसवलेला. तेव्हाच्या डॉक्टरांनी बाकीच्यांना शोभेल असा पिवळाच बसवला होता. मास्तर हसायचे भरपूर, पण खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरून.

यंदा नागपंचमीच्या सुमाराला कारखान्यात एक गोष्ट घडली. मालकांची मुलगी उत्कर्षा आता कारभार बघते. तिनं मोठ्या हॉटेलांसाठी नवा पांढरा टॉवेल काढला आणि ठरवलं, की खोक्यावर नटीचा फोटो नको, हा टॉवेल जो पांढरा करतो त्याचाच फोटो छापायचा. मास्तरांना नवा सदरा घालून उभं केलं, हातात टॉवेल दिला, हसा म्हटलं. ते हसले. फोटो संगणकावर मोठा करून पाहिला तर काय, एकाच चौकटीत वर तपकिरी दात आणि खाली पांढरा टॉवेल. फोटोग्राफर म्हणाला, काळजी करू नका, दोन मिनिटांत दात पांढरे करून देतो.

मास्तर म्हणाले, "न्हाय."

उत्कर्षा म्हणाली, "मास्तरकाका, हल्ली सगळेच करतात."

"करू देत की. ताई, खोक्यावर काय लिवलंय? मास्तरांच्या हातचा खरा पांढरा. आणि त्याच खोक्यावर माझ्या तोंडात खोटा पांढरा. माझं नाव हाय त्यावर."

मग तोंड मिटून एक फोटो काढला. तो त्यांनी घरी आणून आम्हाला दाखवला. मी बघितला आणि म्हटलं, "भाऊजी, छान आहे. खाली फक्त शोकाकुल कोण कोण, ते लिहायचं राहिलंय." मायाक्का हसून हसून उंबऱ्यावर बसली. मास्तर मात्र हसले नाहीत, आणि तेव्हा मला कळलं की हे प्रकरण त्यांना लागलंय. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं तोंड त्यांच्या कामाशेजारी छापलं जाणार होतं, आणि ते खरं असावं आणि हसरं असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. उत्कर्षानं गणपती उठेपर्यंत मुदत दिली. तोवर दातांचं काय ते करा, नाहीतर मिटल्या तोंडाचा फोटो छापायला जाईल.

आता सल्ले द्यायला गल्ली तयारच. पहिला सल्ला अर्थात माझा. मोबाइलवर एक बाई लिंबात खायचा सोडा कालवून दातांना लावत होती, ते मी त्यांना दाखवलं. मास्तरांनी ते पूर्ण बघितलं आणि म्हणाले, "आंबट आणि सोडा एकत्र केला की फेस येतो आणि दोघंबी मरत्यात. त्यातनं उरलंच काय तर लिंबू उरतं, आणि ते दातच खातं. वैनी, तुमाला माझे दात पांढरे करायचेत का पाडायचेत?" कोळशाच्या काळ्या पावडरचीही हीच गत. बोटावर घेऊन चोळली आणि म्हणाले, "ही तर वाळू. मळ जाईल, पण कापडाचा तंतूबी घेऊन जाईल."

मग एका रविवारी आम्ही तिघं सात रस्त्याकडे गेलो. तिथे एका सलूनमध्ये निळ्या उजेडाचं यंत्र आलेलं होतं. बाहेर फलक: वीस मिनिटांत आठ शेड गोरे दात. आत चकचकीत खुर्ची आणि काळे कपडे घातलेली एक गोड मुलगी. मास्तर खुर्चीत बसले आणि त्यांनी सुरुवात केली.

"बाळ, ह्यात औषध कंचं?"

"सर, जेल आहे."

"जेल म्हंजे पेरॉक्साइडच की. किती टक्के?"

"सर, शंभर टक्के नॅचरल."

"ते न्हवं. ताकद किती? आणि आधी माझ्या तोंडात कुटं भोक हाय का, हिरडी सुजली हाय का, ते कोण बगणार?"

मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही डोळे मिटून फक्त रिलॅक्स व्हा."

मास्तर उठलेच. जिना उतरताना म्हणाले, "माल न बगता भांड्यात टाकणारा मास्तर मी दुसऱ्या दिवशी कामावर ठेवत न्हाय."

इथवर माणूस शहाण्यासारखा वागला. पण शहाणपणाच्याच वाटेवर तो घसरला. मास्तरांच्या डोक्यात हिशेब शिजला, तो असा: सगळे जण शेवटी पेरॉक्साइडच लावतात ना? ते तर माझ्या हाताखाली ड्रमानं पडलंय. त्याच्याशी माझी बत्तीस वर्षांची ओळख. मग दुसऱ्याच्या दारात का जायचं? दुसऱ्या दिवशी ते कारखान्यातून औषधाच्या जुन्या बाटलीत थोडंसं घेऊन आले. हे मला मायाक्कानं सांगितलं, आणि सांगताना तिच्या आवाजात नेहमीची मस्करी नव्हती.

"बाई, ह्यांचं ऐकायचं न्हाय असं म्या ठरवलंय, पर ह्ये मला इचारतच न्हाईत. तुमी तरी बोला."

मी लगेच गच्चीवर गेले. मास्तर मोडक्या स्टुलावर बसलेले. पुढे स्टीलची वाटी, उन्हात ठेवलेली. वाटीत पेरॉक्साइड आणि त्यात तीन दात.

मी म्हटलं, "भाऊजी, काढले की काय?"

"मेंढीचे हायत," ते शांतपणे म्हणाले. "गावाकडनं मागवले. सॅम्पल मारल्याबिगर मी कंचाच लॉट घेत न्हाय."

गावाला त्यांचा चुलतभाऊ बिरुदेव अजून मेंढरं राखतो. त्याला फोन करून यांनी मेलेल्या मेंढीचा जबडा मागवला होता, आणि त्या बिचाऱ्यानं काही न विचारता एसटीतून पाठवून दिला होता. मेंढीच्या दातांवरही तसाच तपकिरी रंग, कारण पाणी तेच. मास्तरांच्या मते यापेक्षा चांगलं सॅम्पल सबंध सोलापुरात मिळणार नव्हतं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारून मला वर बोलावलं. दात असे पांढरे झाले होते, की फळ्यावरचा खडू लाजावा. मायाक्काच्या तोंडावर भीती, मास्तरांच्या तोंडावर विजय. त्यांनी एक दात उचलला, धुतला, उन्हात धरला. मग सवयीनं, कापड तपासताना करतात तसं, त्यावर नख ओढलं.

नखात पांढरी भुकटी आली.

त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा भुकटी. मग सुई मागवली आणि टोचून पाहिलं. वरचा थर सुईखाली भुसभुशीत लागत होता. मास्तरांनी तो दात कागदाच्या पुडीत बांधून खिशात टाकला. त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकंही पांढरी पडून चुरचुरत होती, ती त्यांनी पाण्यात धरली.

"माल कुजला," शेवटी म्हणाले. "पांढरा झाला आणि कुजला. ह्यात सोडा किती, वाफ किती, वेळ किती, ते कापडाचं मला ठावं हाय. दाताचं न्हाय."

मायाक्का म्हणाली, "मंग ज्याला ठावं हाय त्याच्याकडं जावा की."

एवढं सरळ वाक्य त्या घरात आठवडाभरात कुणी बोललं नव्हतं.

दातांचे डॉक्टर निवडतानाही मास्तरांनी घाई केली नाही. दोन ठिकाणी जाऊन परत आले. एका ठिकाणी डॉक्टरांनी तोंड न बघताच पॅकेज सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी प्रश्न विचारले म्हणून डॉक्टर चिडले. तिसऱ्या डॉक्टर रेश्मा. त्यांचा दवाखाना सात रस्त्याजवळ पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला छोटीशी बाल्कनी. मायाक्कानं मलाही बरोबर घेतलं. म्हणाली, "डाक्टरीनबाईंम्होरं ह्ये खरं बोलणार न्हाईत. तुमी असल्या म्हंजे सगळंच भाईर येतंय." याला मी कौतुक समजले.

डॉक्टरांनी मास्तरांना खुर्चीत आडवं केलं आणि आरसा घालून एकेक दात बघायला सुरुवात केली. मास्तर आ करून पडलेले. मायाक्का माझ्या कानात म्हणाली, "बाजारात मेंढरू बगायला आल्यागत दिसतंय." मेंढराचं वय दातांवरून ओळखतात, म्हणून मी जरा मोठ्यानंच विचारलं, "डॉक्टर, दोन दाती आहे का चार दाती?" डॉक्टर मान न वळवता म्हणाल्या, "नाही, पूर्ण जुळलेलं आहे. त्यातली एक दाढ किडलीय." मास्तरांचं पोट हसून हललं आणि आरसा गालाला लागला. तिथेच मला वाटलं, की या बाईंशी जमणार.

तपासून झाल्यावर मास्तर उठून बसले आणि परीक्षा सुरू झाली. परीक्षा डॉक्टरांची.

"डाक्टर, औषध किती टक्क्याचं?"

"घरी लावायचं जेल दहा टक्के कार्बामाइडचं. त्यातून पेरॉक्साइड निघतं साधारण साडेतीन टक्के."

"आणि हितं खुर्चीत लावत्यात ते?"

"पस्तीस टक्क्यांच्या आसपास. पण त्याआधी हिरडीवर रबरासारखा थर द्यायचा, घड्याळ लावायचं आणि मी समोरून हलायचं नाही."

"कारखान्यात पन्नासचा ड्रम येतो."

डॉक्टरांचे डोळे बारीक झाले. "तो तुम्ही तोंडाला लावला नाहीत ना?"

मास्तरांनी खिशातून कागदाची पुडी काढून पुढे केली. डॉक्टरांनी दात उचलला, टोकदार हत्यारानं त्यावर हलकेच ओरखडा काढला, भुकटी पाहिली, पुन्हा मास्तरांकडे पाहिलं. मायाक्का म्हणाली, "मेंढीचा हाय." डॉक्टर म्हणाल्या, "या मेंढीचे माझ्याकडून आभार माना. गेल्या वर्षी एक जण असलंच काहीतरी स्वतःच्या दातांवर करून आले होते."

मग त्यांनी सगळं नीट समजावलं. आधी किडलेली दाढ भरायची, कारण भोकातून औषध आत गेलं तर जीव जाईल इतकी कळ येते. मग दात साफ करायचे. तंबाखू आणि चहाचा बराचसा थर त्यानंच जातो, आणि पुष्कळांचं समाधान तिथेच होतं. मग आठवडाभर हिरड्या बऱ्या होऊ द्यायच्या. मग दातांच्या मापाचा, साच्यासारखा पातळ ट्रे करून द्यायचा, त्यात थेंबभर जेल घालून रोज संध्याकाळी दोन तास लावायचा, दोन आठवडे.

"खुर्चीतलं एका दिवसात होतंय म्हणत्यात की," मायाक्का म्हणाली.

"होतं. पण यांच्या दातांची मुळं थोडी उघडी पडलीत. हळू गेलेलं बरं. शेवटी पांढरेपणा जवळपास तेवढाच येतो."

मास्तर एकदम खूष. "कमी ताकद, जास्त येळ. मऊ सुताला आमीबी तेच करतो." मग पुढचा प्रश्न. "झाल्यावर औषध मारायचं कशानं? कापडात उरलं तर कापड खातं."

"खळखळून चूळ भरायची. राहिलेलं लाळ मोडून टाकते."

"आणि टोपीचा दात?"

"तो नाही बदलणार. टोपीवर आणि दातात भरलेल्या सिमेंटवर या औषधाचा परिणाम होत नाही. बाकीचे उजळले की तो वेगळा दिसेल."

मास्तरांनी मान डोलावली. "बरोबर हाय. टॉवेलाच्या काठात पॉलिस्टर घातला तर त्यो ब्लीच घेत न्हाय."

शेवटचा राहिला गावच्या पाण्याचा पट्टा. समोरच्या दोन दातांवर तो जास्त होता. डॉक्टर म्हणाल्या, तो आतपर्यंत मुरलेला आहे, फिकट होईल, पूर्ण जाणार नाही. अगदीच नको असेल तर वरचा पातळ थर घासून काढता येतो.

"किती पातळ?"

"केसाएवढा."

"गेलेला थर परत येतो?"

"नाही."

"मंग राहू दे त्यो," मास्तर म्हणाले. परीक्षा संपली. डॉक्टर पास झाल्या.

दाढ भरली, दात साफ झाले, आणि खरंच निम्मं काळं तिथेच गेलं. मग ट्रे आला. त्यानंतरचे दोन आठवडे म्हणजे माझ्या शेजारधर्मातला सुवर्णकाळ. संध्याकाळी सात ते नऊ ट्रे तोंडात, म्हणजे बोलणं बंद. मी रोज बरोबर सात वाजता त्यांच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे आणि बत्तीस वर्षांचे सगळे हिशेब चुकते करायचे. माझ्या चादरीबद्दल ते काय म्हणाले होते, तेही काढलं. मास्तर फक्त डोळे वटारायचे आणि घड्याळाकडे बघायचे. नऊ वाजायला पाच कमी असले की मी उठून घरी.

मायाक्का म्हणायची, "बाई, लगीन झाल्यापास्नं घरात दोन तास शांतता पहिल्यांदा बगतीया. डाक्टरीनबाईस्नी इचारून बगा, आणिक दोन आठवडं वाढवता आलं तर."

खाण्याचं मात्र अवघड झालं. डॉक्टरांनी एकच नियम सांगितला होता: पांढऱ्या बनियनवर सांडलं तर डाग पडेल असं काही खायचं नाही. हा नियम मास्तरांना एका वाक्यात कळला, पण सोलापूरच्या माणसाला तो पाळणं सोपं नाही. चहा गेला, हळद गेली, लाल शेंगाचटणी गेली. मायाक्का दही-भात, दूध-भाकरी, उकडलेला बटाटा वाढायची. मास्तर भाकरी मोडताना समोरच्या चटणीच्या बरणीकडे असे बघायचे, की शेवटी तिनं बरणी आमच्याकडे आणून ठेवली. ती बरणी आम्ही संपवली, हे त्यांना अजून माहीत नाही. आता वाचून कळेल.

चौथ्या दिवशी दातांत कळ आली. पाण्याचा घोट घेतला की वीज चमकावी तशी. मास्तरांनी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, दोन दिवस थांबा, सांगितलेली पेस्ट लावा, मग पुन्हा सुरू करा. मी विचारलं, घाबरलात का. ते म्हणाले, "घाबरायचं काय त्यात. वाफ जास्त झाली, कमी केली."

दोन आठवडे आणि दोन दिवस झाल्यावर दात खरोखर उजळले. फळ्याच्या खडूसारखे नव्हेत. ताज्या खोबऱ्यासारखे म्हणा. समोरच्या दोन दातांवर फिकट ढगासारखे पट्टे राहिले, आणि टोपीचा दात बिचारा मधेच पिवळा, पाहुण्यांत बसलेल्या उधारीवाल्यासारखा.

गणपती उठायला चार दिवस होते. उत्कर्षा म्हणाली, टोपी लगेच बदलून घ्या आणि फोटो काढू. डॉक्टर म्हणाल्या, दोन आठवडे थांबावं लागेल. औषध थांबवल्यावर रंग थोडा खाली येऊन स्थिर होतो, टोपी तेव्हाच जुळवायची. झालं. छापखाना थांबलेला, उत्कर्षाचे फोनवर फोन. मास्तर तिच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "ताई, तुमी लहान असताना तुमच्या वडलांनी मला एक गोष्ट शिकवली. ओल्या कापडावर शेड ठरवायचा न्हाय. माझं तोंड अजून ओलं हाय." उत्कर्षानं कपाळाला हात लावला आणि छपाई नवरात्रावर ढकलली.

टोपीच्या दिवशी मीही गेले, कारण असल्या दिवशी घरी बसणं मला जमत नाही. डॉक्टरांकडे वेगवेगळ्या रंगांच्या दातांची एक पट्टी असते. एकेक दात तोंडाशेजारी धरून त्यांनी एक निवडला. मास्तर खुर्चीतून उठले.

"हितं न्हाय. ट्यूबलाइटखाली शेड बगायचा न्हाय. भाईर चला."

डॉक्टर बाल्कनीत आल्या. सात रस्त्याची सगळी वाहतूक खाली, आणि वर मास्तर आ करून उभे, डॉक्टर पट्टी धरून उभ्या. खाली एक रिक्षावाला सिग्नल सुटला तरी बघतच राहिला. मास्तरांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "ह्यो एक पायरी जास्त पांढरा हाय. खालचा लावा." डॉक्टरांनी खालचा लावून पाहिला, मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "यापुढे मीही रंग जुळवताना एकदा बाहेर बघत जाईन."

हे वाक्य मास्तरांनी त्या आठवड्यात गल्लीत किती जणांना सांगितलं, ते मी मोजायचं सोडून दिलं.

नवी टोपी बसली आणि फोटो झाला. मास्तर पहिल्या फोटोतलाच सदरा, आता घरी धुतलेला, घालून आणि टॉवेल हातात धरून तोंडभर हसले. आम्हाला वाटलं, संपलं. पण तीन दिवसांनी छापखान्यातून नमुना आला आणि मास्तर तो घेऊन सरळ माझ्याकडे.

"वैनी, ह्यो कोण?"

मी बघितलं. दात एकसारखे, न्हाणीघरातल्या नव्या फरशीसारखे चकचकीत. पट्टे गायब. छापखान्यातल्या माणसानं कुणी न सांगता, हाताच्या सवयीनं सगळं पांढरं करून टाकलं होतं.

मी म्हटलं, "दिसायला तुमच्यापेक्षा बरा आहे."

"बरा हाय. पर मी न्हाय."

ते कारखान्यात गेले, उत्कर्षाला घेतलं आणि दोघं छापखान्यात. पुढचं मला उत्कर्षानंच सांगितलं. संगणकापुढे बसलेल्या माणसाला मास्तर म्हणाले, "तू केलंस ते माझं बरं दिसावं म्हणून केलंस, मला ठावं हाय. आता माझे दात परत दे." खिडकीजवळ खुर्ची ओढून ते उजेडात बसले. तो माणूस पडद्यावरचा रंग उतरवायचा, वळून म्हणायचा, "मास्तर, जरा तोंड उघडा," मास्तर उघडायचे, तो पुन्हा पडद्याकडे. तासभर हे चाललं. पट्टे परत आले. पहिला कागद यंत्रातून निघाला तेव्हा मास्तर तो घेऊन रस्त्यावर आले, गालाशेजारी धरला आणि उन्हात तोंड उघडून उत्कर्षाला म्हणाले, "बगा." तिनं कागद बघितला, तोंड बघितलं, आणि सही केली.

दिवाळीआधी खोकी गेली. पहिलं खोकं मास्तरांनी घरी आणलं. मी अर्थातच तिथे होते. फोटोतले मास्तर हुबेहूब मास्तर होते. खोबऱ्याच्या रंगाचे दात, दोन ढग, बेरकी डोळे. खाली त्यांचं नाव. आत सहा टॉवेल. मी उगाच एक चिमटीत धरून चोळला आणि म्हटलं, "ठीक आहे." मास्तरांनी ते मोठ्या मनानं सोडून दिलं. इतके खुशीत होते.

मायाक्कानं चष्मा लावून खोकं दोन्ही हातांत धरलं. बराच वेळ बघत राहिली.

"कसं हाय?" मास्तर म्हणाले.

"दात चांगलं निगालं."

"मंग?"

"सदऱ्याची कॉलर पिवळी दिसती की."

मास्तरांनी खोकं तिच्या हातातून घेतलं, दारात उजेडाला गेले आणि डोळ्यांजवळ धरून बघू लागले. मग हळूहळू तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "त्यो सदरा धुतला कुणी हुता?"

मी उठून घरी आले. पुढचं गल्लीतून ऐकू येणारच होतं.